दिवेलागणीला घरी कोण आहे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एक भगिनी कोपऱ्यात बसून रडत होती. बारावीतला मुलगा दारू पिऊन घरी आला होता. "ताई, मी रोज सेवेला येते, मग माझ्याच घरी असं कसं?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. प्रत्येकीला आपापलं घर आठवलं.

आइसलँड नावाचा एक छोटा, थंड देश आहे. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या दर १०० मुलांपैकी ४२ जणांनी मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं कबूल केलं होतं. दारू वाईट हे मुलांना सांगून झालं होतं, फरक पडत नव्हता. तेव्हा संशोधकांनी शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि पाहिलं, की न पिणाऱ्या मुलांचं वेगळं काय आहे? ती मुलं आईवडिलांबरोबर जास्त वेळ असतात, रात्री उशिरा बाहेर भटकत नाहीत, खेळात-संगीतात नियमित रमतात.

मग बदल मोठ्यांनी केला. पालकांनी एकत्र बसून लेखी करार केले, मुलांच्या रात्री घरी येण्याच्या वेळा पाळल्या. खेळ-संगीताच्या फीसाठी सरकारी मदत मिळाली. २०१६ पर्यंत ४२ चे ५ झाले!

बघा, व्यसन लागल्यावर आपण नवस बोलतो, पारायणाला बसतो. पण बांध फुटायच्या आधी घालायचा असतो. आपण केंद्रात समई लावतो, तेव्हा घरात मूल एकटंच मोबाईल घेऊन बसलेलं असतं. सद्गुरूंना अशी सेवा आवडेल का? आणि हे एकट्या आईचं काम नाही, वडिलांनीही दिवेलागणीला घर गाठायला हवं.

म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलंय: सेवा आळीपाळीने करायची, म्हणजे कुणाचंच घर रोज रिकामं राहणार नाही. रात्रीचं एक जेवण सगळ्यांनी मिळून, मोबाईल बाजूला ठेवून. जेवताना उपदेश नाही, फक्त ऐकायचं. मुलांच्या मित्रांची आणि त्यांच्या आईवडिलांची ओळख ठेवायची.

ज्यांच्या घरी त्रास सुरू झालाय, त्यांनी लाजून लपवू नये. डॉक्टरांना दाखवावं, टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. नामस्मरण सोबतीला आहेच.

त्या भगिनीच्या घरी आता आम्ही आळीपाळीने जातो. तुम्हीही या.

चुकलं-माकलं क्षमा असावी.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥