दोन मिनिटांची उसनी शांतता

व्हेंटिलेटरवर एक बटण असतं. ते दाबलं की अलार्मचा आवाज साधारण दोन मिनिटं बंद होतो. बेंगळुरूत नव्या परिचारिकांना हे यंत्र शिकवताना मी दरवेळी या बटणापाशी थोडा जास्त थांबतो. बाकी सगळं तंत्र आहे. इथे मात्र नीतीचा प्रश्न सुरू होतो. हाक ऐकू आली, पण ती खऱ्या संकटाची आहे की नाही हे ठाऊक नाही. अशा वेळी ऐकणारा काय देणं लागतो?

यंत्राचं म्हणणं आधी समजून घेऊ. दाब वाढल्याचा अलार्म झाला, तर रुग्णाला खोकल्याची उबळ आली असेल, नळीत कफ साचला असेल, नळी मुडपली असेल किंवा त्याने ती दातांत धरली असेल. क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठून फुप्फुस आकसलंही असेल. दाब कमी झाल्याचा अलार्म बहुधा नळी कुठेतरी सुटल्याचं सांगतो. ठरावीक सेकंदांत श्वासच टिपला गेला नाही, तर तिसरा अलार्म वाजतो. म्हणजे साधा खोकला आणि जिवावरचा प्रसंग, दोन्हींसाठी आवाज एकच असू शकतो. यंत्राला दाब कळतो, त्याचं कारण कळत नाही. म्हणून पहिला नियम असा की आधी रुग्णाकडे बघायचं, पडद्याकडे नंतर. छाती दोन्ही बाजूंनी हलते का, ओठ निळे पडलेत का? कारण सापडेना आणि रुग्ण ढासळू लागला, तर त्याला यंत्रापासून सोडवून अंबू बॅग जोडायची आणि हाताने श्वास द्यायचा.

हाताने श्वास देण्याला मोठा इतिहास आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबत राहायची, असा मार्ग काढला. सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले. तिथे अलार्म नव्हता. पिशवी जड लागली की ते हातालाच कळे. काम करणं आणि लक्ष देणं या दोन गोष्टी नव्हत्याच. पुढे यंत्राने हात मोकळे केले, तेव्हा काम यंत्राकडे गेलं आणि लक्ष माणसाकडे राहिलं. या दोहोंमध्ये जी फट पडली, तिच्यात अलार्म येऊन बसला.

2020 मध्ये ही फट आपल्याकडे फार रुंदावली. लष्करासाठी रडार बनवणाऱ्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे केंद्र सरकारने 30,000 व्हेंटिलेटर मागितले, आणि म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीच्या आराखड्यावर ते काही महिन्यांत तयारही झाले. यंत्रं इतक्या वेगाने बनू शकतात. त्यांची हाक ओळखणारी माणसं त्या वेगाने घडत नाहीत.

माणसं असली तरी ती ऐकून ऐकून थकतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल 2013 मध्ये एक इशारा काढला. 85 ते 99 टक्के अलार्मच्या वेळी कोणताच उपचार करावा लागत नाही, असं त्यात म्हटलं होतं. जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मशी संबंधित 98 घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या 80 घटनांत रुग्ण दगावला होता.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. गावकऱ्यांना कोणी दोष देत नाही. व्हेंटिलेटर मात्र खोटं बोलत नाही. त्याला लांडगा आणि वारा यांतला फरक कळत नाही, एवढंच. त्यामुळे इथे दोष ढकलायला मुलगा सापडत नाही आणि प्रश्न गावकऱ्यांकडे वळतो.

यावर आक्षेप रास्त आहे. एका परिचारिकेकडे तीन रुग्ण असतील, तर तिने प्रत्येक आवाजाला धावावं तरी कसं? जे करणं शक्य नाही, ते कर्तव्य म्हणून कोणावर लादता येत नाही. पण कर्तव्य तिथे संपत नाही, ते वाटलं जातं. परिचारिका किती असाव्यात हे ठरवणाऱ्याकडे त्याचा एक वाटा जातो. अलार्मच्या मर्यादा ठरवणाऱ्याकडे दुसरा जातो. मर्यादा फार जवळ ठेवली की नुसता गोंगाट होतो. फार लांब ठेवली की संकटही मुकं राहतं. माझ्या मते मर्यादेचा आकडा हा आधीच दिलेला शब्द असतो: इथवर आलं की मी येईन. रुग्ण न बघता, कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवणं म्हणजे कोणाला देतोय हे न पाहताच शब्द देणं.

मग ते बटण दाबावं का? जरूर दाबावं. हात रुग्णावर असताना, कफ ओढून काढताना, आवाजाचं काम झालेलं असतं. पण ती दोन मिनिटं उसनी असतात. लांबूनच बटण दाबून पुढे जाणाऱ्याने ती कोणाच्या श्वासातून घेतली, हे विसरता कामा नये.

इथल्या अतिदक्षता विभागात कन्नड, तमिळ, मल्याळम, हिंदी, मराठी सगळं कानावर पडतं. भेटीच्या वेळी अलार्म वाजला की कुठल्याही भाषेतला नातेवाईक आधी यंत्राकडे बघत नाही, परिचारिकेच्या चेहऱ्याकडे बघतो. हाक यंत्राची असली तरी तिचं उत्तर माणसाकडूनच येणार, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.