भीतीची भक्ती आणि प्रीतीची भक्ती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या अक्कलकुव्यात लगबग सुरू होते. कुणी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसायची तयारी करतो, कुणी तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेला जायचा बेत आखतो. तोंडात नाव एकच असतं. पण मनात काय असतं? ओढ असते की धास्ती?

गेल्या वर्षी याच दिवसांत आपल्यातले एक नाना आरती झाल्यावर मागे थांबले. वय सत्तरीच्या पुढचं. दर गुरुवारी येतात, पण उभे राहतात दाराजवळ. मला म्हणाले, "बुवा, पाच वर्षं झाली, मी पोथीला हात लावला नाही."

"का हो नाना?"

"सप्ताहाला बसलो होतो. पाचव्या दिवशी आमच्या मंडळींना अचानक जास्त झालं. पोथी तशीच झाकली अन् त्यांना गाडीत घालून नंदुरबारला नेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पारायण मोडलं म्हणून महाराजांनी नेलं का हो त्यांना?"

सज्जनहो, त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. "असं मनात आणू नका" म्हणणं सोपं असतं. पण ज्याच्या काळजात पाच वर्षं काटा रुतलाय, त्याला तेवढ्याने बरं वाटत नाही. घरी आलो आणि ज्या पोथीला नाना भ्याले होते, तीच उघडून बसलो.

आपल्या घरांतून गुरुचरित्राचे 14वा आणि 18वा हे दोन अध्याय सर्वांत जास्त वाचले जातात. 14व्यात सायंदेव आहे. क्रूर राजाने त्याला बोलावलंय, आणि गेलं की जीव जाणार हे त्याला ठाऊक आहे. तो थरथरत श्रीगुरूंच्या पायाशी येतो. म्हणजे त्याला देवापाशी आणलं ते भीतीनेच! त्यात कमीपणा काही नाही. आपल्यातले किती जण पहिल्यांदा मंदिरात आले ते पोराच्या आजारपणात, नाहीतर शेत गहाण पडलं तेव्हाच ना? पण नीट पाहा. सायंदेव भ्याला तो राजाला. गुरूंपाशी त्याने ती भीती उघडी करून ठेवली. आणि श्रीगुरूंनी काय केलं? निर्भय होऊन जा म्हणाले, आणि तू परत येईपर्यंत मी इथेच आहे, असा शब्द दिला. तो सुखरूप परतला. पुढे संकट उरलं नव्हतं, तरी तो म्हणू लागला की मला आता तुमचे पाय सोडवत नाहीत. येताना भीती होती, राहावंसं वाटलं ते प्रेमाने.

18व्या अध्यायात गरीब ब्राह्मणाच्या दारी श्रीगुरू भिक्षेला येतात. घरात धान्य नाही, दारच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढतात. जेवून जाताना श्रीगुरू तो वेलच उपटून टाकतात. बाई रडते. पोट भरायचं एवढंच साधन होतं. नवरा मात्र गुरूंना बोल लावत नाही. मग वेलाचं मूळ खणताना त्याच जागी द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो. आपण ही कथा धनासाठी वाचतो. पण कुंभ सापडायच्या आधीची ती घटका आठवा. वेल उपटलेला आहे, हाती काही नाही, आणि तरीही तो गुरूंना वैरी मानत नाही. प्रत्येक उपटलेल्या वेलाखाली कुंभ निघतोच असं मी म्हणणार नाही. नानांचा वेल गेला तो गेलाच. पण उपटणारा हात शत्रूचा आहे, हे पोथी कुठेच सांगत नाही.

मग कुणी म्हणेल, "बुवा, नियम सोडून द्यायचे का?" मुळीच नाही. आपल्याच तालुक्यातल्या काठीची होळी पाहा. नवसाचे बावा आणि बुध्या त्या दिवसांत जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. आणि मग मोरपिसांचा टोप घालून, कंबरेला घुंगरं बांधून रात्रभर नाचतात! कडक नियम आणि असा आनंद एकाच अंगात नांदतो. नियम प्रेमाचं कुंपण आहे. त्याचा धाक असावा, धास्ती नसावी. धाक माणसाला वाटेवर ठेवतो, धास्ती वाटच सोडायला लावते. नानांना पोथीपासून दूर नेलं ते धास्तीने.

सीमेपलीकडे गुजरातेत, नर्मदाकाठी गरुडेश्वरला श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी आहे. 1914 साली ते तिथे ब्रह्मलीन झाले. त्यांच्याएवढा आचार कोण पाळणार? तरी त्यांची करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो, तिचा भाव काय? अपराध आमचा आहे, तू दंड केलास तर तो योग्यच. पण तूच मारलंस तर आम्ही दुसऱ्या कुणाला हाक मारायची? मार खाल्लेलं लेकरू आईच्याच पदरात तोंड लपवतं, तसंच हे.

आणि दत्तजन्म आठवा. तिन्ही देव अनसूयामातेचं सत्त्व पाहायला आले. ती डगमगली नाही, रागावलीही नाही. तिने त्यांची बाळं केली आणि कुशीत घेतलं. ज्याने स्वतःला देऊन टाकलं, तो दत्त. दत्तजयंतीला दिवेलागणीला आपण त्याचा पाळणा हलवतो. तान्ह्या बाळाला कुणी भितं का हो?

पुढच्या गुरुवारी मी नानांना म्हटलं, "नाना, गृहस्थाचा धर्म याच पोथीत 36व्या-37व्या अध्यायांत सांगितलाय. तुम्ही पोथी झाकून मंडळींच्या उशाशी बसलात. पाचव्या दिवसाचं पारायण तुम्ही तिथे पुरं केलंत. देहाला मरण आहे. ते तुमच्या झाकलेल्या पोथीने आलं नाही. महाराज रागावले असते, तर पाच वर्षं दर गुरुवारी त्यांच्या दारात तुम्हाला कुणी आणलं असतं?"

नाना बोलले नाहीत. उपरण्याने डोळे पुसले आणि प्रसाद घेऊन गेले.

माझी एकच विनंती आहे. भीती वाटली तर लपवू नका, सायंदेवासारखी ती महाराजांच्या पायांवर घाला. पण देवालाच भिऊन त्याच्यापासून लांब राहू नका. आणि घरात कुणाची पोथी अर्धवट राहिली असेल, तर त्याला बोल लावू नका. हाताला धरून मंदिरात आणा.

यंदा जन्मोत्सवाला पाळण्याची दोरी पहिल्यांदा नानांच्या हाती द्यायची, असं आम्ही ठरवलंय.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥