शेजारच्या खुर्चीतला माणूस

व्याख्यान संपलं, आभारप्रदर्शन सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात बुडून गेलं. माझ्या शेजारचे गृहस्थ पायाने चपला चाचपत म्हणाले, "काय बोलला हो हा माणूस!"

"काय बोलले?" मी विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात. मला खरोखरच मुद्दा पुन्हा ऐकायचा होता.

गृहस्थांनी क्षणभर मांडवाच्या छताकडे पाहिलं. "आता नेमकं असं नाही सांगता येणार. पण बोलला काय!"

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. राग त्यांचा नव्हता. मलाही काही आठवत नव्हतं, त्याचा होता. दीड तास पाठ न टेकता ऐकलं होतं, आणि हाताशी उरलं होतं ते एवढंच: आईची एक गोष्ट, एक शेर, आणि मध्येच वक्ता थांबला तो क्षण. तेव्हा तो थेट माझ्याकडे बघत होता. हे मी बायकोला सांगितलं. ती मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. म्हणाली, "काहीतरीच. तेव्हा तो माझ्याकडे बघत होता."

माझा भाचा कंपन्यांतल्या लोकांना चारचौघांत कसं बोलावं ते शिकवतो. रविवारी तो जेवायला आला तेव्हा त्याने हे कोडं आमटी वाढून होईपर्यंत सोडवून टाकलं. "मामा, सोपं आहे. सभागृहाचे मनातल्या मनात चार भाग करायचे. प्रत्येक भागातला एक चेहरा धरायचा आणि एक अख्खं वाक्य त्यालाच सांगायचं. लांबून त्याच्या आसपासच्या दहा जणांना वाटतं, आपल्याशीच बोलतोय. तुम्ही त्या दहातले."

म्हणजे मी तो चेहरासुद्धा नव्हतो.

आवाजाची चढउतार, हातवारे, योग्य जागी विनोद, सुरुवातीला स्वतःचीच थोडी थट्टा हे सगळं वाचकाला ठाऊक आहे, आणि ॲरिस्टॉटलपासून आजवर ज्याने त्याने ते लिहून ठेवलं आहे. त्यात मी शिरत नाही. माझी एक जुनी, लाडकी विभागणी आहे, तिच्याकडे येतो. ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात: टाळी आणि हुंकार. आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असे, ‘हं’ म्हणत राहायचं. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबली. टाळी वाक्य संपवते, निकाल देते, तिथे मामला मिटतो. हुंकार वाक्य पुढे ढकलतो: आहे मी इथे, पुढे काय झालं? ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि आपण थोरामोठ्यांशी फार सलगीने बोललो म्हणून लगेच लाडिक माफीही मागतात. ते टाळी मागणं नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव हिंडले तेव्हा त्यांच्यापुढेही मुख्यतः हुंकार देणारी माणसं बसलेली असत. तर माझं म्हणणं असं, की भारून टाकणारा वक्ता टाळ्यांचा धनी असतो आणि खरा वक्ता हुंकाराचा. परवाचा माणूस पहिल्या जातीतला. प्रकरण संपलं.

भाच्याला हे पटेना. त्याच्या मते दोन्ही तंत्रच. मग मी टिळकांना पुढे केलं. टिळकांच्या बोलण्यात अलंकार नव्हते, वकिलाने कैफियत मांडावी तशी एकावर एक रचलेली वाक्यं. वक्तृत्वाची कमान पाहायची तर ती शिवरामपंत परांजप्यांची. त्यांच्या वक्रोक्तीवर सभा लोटपोट व्हायची. पण लोटली सभा ती टिळकांच्या मागे. आणि गांधी? हळू, एकसुरी आवाज, हातवारे जवळजवळ नाहीतच, कित्येकदा बसूनच बोलायचे. तुझ्या वर्गात आले असते तर नापास केलं असतंस!

"केलं असतं," भाचा शांतपणे म्हणाला. "पण मामा, टिळकांच्या वाक्यामागे मंडालेची सहा वर्षं होती. माझ्याकडे येणाऱ्या मॅनेजरच्या मागे काय आहे? एक तिमाही. म्हणून त्याला तंत्र लागतं."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी त्याला ताक वाढलं.

त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता आणि त्यानेच मला दुसऱ्या दिवशी गाडगेबाबांकडे नेलं. बाबांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. १९५६च्या नोव्हेंबरमधलं, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं. त्याच वर्षी २० डिसेंबरला बाबा गेले, म्हणजे हे अगदी अखेरचं. मी ते पुन्हा लावलं. तंत्राच्या हिशेबाने बघावं तर सगळं विचित्र: वऱ्हाडी बोली, तुटक वाक्यं, मध्येच ‘गोपाला’चा गजर, आणि सतत प्रश्न. कर्ज काढून सण करावा का? देवाला बकरं लागतं का? पोरांना शाळेत घालायचं की नाही? प्रश्न टाकून बाबा पुढे सरकत नाहीत. समोरून उत्तर येईपर्यंत थांबतात, आणि समोरची गर्दी खरोखर उत्तर देते. हाच तो हुंकार, मी खूश होऊन भाच्याला फोन केला. ज्या गावात रात्री कीर्तन करायचं त्या गावाचे रस्ते हा माणूस दिवसा खराट्याने झाडायचा. वाक्यामागे ते होतं.

"मामा," भाचा म्हणाला, "प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायची वाट बघायची. हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. निवडणुकीच्या सभेत काय चालतं? ‘करणार की नाही?’ – ‘करणार!’ ‘हवं की नको?’ – ‘नको!’ हुंकारच तो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. वीस-पंचवीस वर्षं जपलेली विभागणी अशी एका वाक्यात गेली. शिवाय भाच्याने बोलून दाखवलं नाही तेही दिसायला लागलं: टाळी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. टाळी वाजवून माणूस घरी जातो. ‘होय’ म्हटलेला माणूस बांधला जातो.

अशा वेळी मी काहीतरी जुनं काढून वाचत बसतो. ह्या वेळी भरताचं नाट्यशास्त्र हाती लागलं. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग साधला हे कशावरून ओळखावं, याची चर्चा आहे. भरत दोन सिद्धी सांगतो. एक मानुषी: प्रेक्षक स्मित करतात, खदखदून हसतात, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार काढतात, अंगावर काटा येतो, जागेवरून उठतात, अंगावरची वस्त्रं देऊन टाकतात. तमाशातली दौलतजादा म्हणा, शिट्टी म्हणा, सगळं ह्यात बसतं. पण त्याच्या वरची सिद्धी दैविकी. तिची लक्षणं कोणती? प्रेक्षागृह भरलेलं आहे, आणि आवाज नाही, खळबळ नाही, कसला उत्पात नाही. एवढंच! त्यानंतर प्रयोगाच्या घातांची यादी येते ती तर मुळातूनच वाचावी: वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मांडव कोसळणं, मुंग्या. पुढे प्रतिस्पर्ध्यांनी केलेले घात: मुद्दाम मोठ्याने हसणं, शेण आणि ढेकळं फेकणं. हे लिहिणाऱ्याने ते सोसलेलं असणार असं मला नेहमी वाटतं. मुंग्या कल्पनेतून येत नाहीत.

भरताला ठाऊक नसलेली एक दाद मात्र आपल्या संगीत नाटकाने काढली: वन्समोअर. ती टाळीही नाही आणि हुंकारही नाही. ती गोष्टीला मागे ओढते. १९१६च्या ‘स्वयंवर’मधली बालगंधर्वांची रुक्मिणी एका पदात व्याकूळ व्हायची, प्रेक्षक वन्समोअर मागायचे, की रुक्मिणी पुन्हा पहिल्यापासून तितकीच व्याकूळ. तिचं पुढे काय होणार याची कोणाला घाई नव्हती. नाटक पहाटेपर्यंत गेलं तरी हरकत नव्हती. प्रेक्षकांना बालगंधर्वांनी ‘मायबाप’ म्हणावं आणि मायबापांनी लेकराकडून तेच पुन्हा म्हणवून घ्यावं, असा तो व्यवहार. माझ्या आजोबांना त्या नाटकाची गोष्ट धड सांगता येत नसे. आपल्या मागे कोण बसलं होतं आणि तो जागेवर कसा उसळला, ते मात्र सांगता यायचं.

हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं की मी शेजारच्या गृहस्थांकडेच परत आलो आहे. आजोबांनाही प्रयोगातला माणूस आठवत होता तो मागच्या रांगेतला.

पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेट्स मराठी घरांत किती वाजल्या असतील याचा हिशेब नाही. न्यू जर्सीत माझ्या मित्राच्या गाडीत तीस वर्षांपूर्वी ‘म्हैस’ वाजत होती, आजही फोनवर वाजते. त्याला सगळं पाठ आहे. तो पुलंच्या बरोबरीने बोलतो आणि हसायच्या जागी सभागृहाच्या बरोबरीने हसतो. ते सभागृह! कुठलं गाव, कोण माणसं, कोणास ठाऊक. त्यातली कितीतरी आता नसतील. आपण ज्याला पुलंचं टायमिंग म्हणतो त्यातलं अर्धं त्या अनोळखी माणसांचं आहे. पुलं एक जागा सोडतात, ती भरतात ते लोक. तोच मजकूर एकट्याने पुस्तकात वाचताना मी गालात हसतो, कॅसेटवर मोठ्याने. विनोद तोच आहे. फरक माझ्या शेजाऱ्यांचा आहे.

अत्र्यांचं ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ घ्या. कुठल्याही गोष्टीला तो काळ लावायची त्यांना सवय होती. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत सभेला लोटलेल्या गर्दीला तो आकडा खरा वाटत होता का? छे. गर्दी त्याची वाट बघत होती. तो आला की एकमेकांकडे बघून हसायचं होतं: आला बघा! दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगात त्या गावचं, त्या दिवसाचं काहीतरी घालायचे, तेव्हाही हशा दादांकडे तोंड करून येत नसावा, माणूस कोपराने शेजाऱ्याला ढोसत असणार.

भाच्याचं चार चेहऱ्यांचं गणित म्हणूनच मला आता अपुरं वाटतं. वक्ता माझ्याशी नातं जोडतो असं तो समजतो, आणि त्याचं गिऱ्हाईकही तेच समजतं. माझ्या अंदाजाने वक्ता तसलं काही करत नाही. तो मला शेजारच्या माणसाशी जोडतो आणि स्वतः मधून निसटतो. बोललेलं आठवत नाही ते त्यामुळे. सुई काढून घेतली, टाका राहिला. गृहस्थ ‘बोलला काय!’ म्हणाले ते वक्त्याबद्दल नव्हतंच. दीड तास आपण पाचशे माणसं एका अंगाने डोललो, हे त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं. मी मास्तरासारखा मुद्दा विचारला.

सुरुवातीला मी ह्याला फसवणूक म्हणणार होतो. आता तसं म्हणवत नाही. एरवी जिन्यात भेटले तर मान न हलवणारे आम्ही लोक. पण ‘होय’ म्हणून बांधलं जाण्याचा धाक वाटतो तो कायम आहे, फक्त त्याची जागा बदलली. अख्खा मांडव हसत असताना एकट्याने न हसता बसून बघा. वक्त्याचं दडपण नसतं ते. डावी-उजवीकडून येतं. ‘करणार की नाही?’ला ‘नाही’ म्हणणं कठीण असतं ते मंचावरच्या माणसामुळे नाही, शेजारच्या खुर्चीमुळे.

आणि म्हणून गाडगेबाबा मला पुन्हा आठवतात, हुंकारासाठी नव्हे आता. बाबा कोणाला पाया पडू देत नसत. वाकणाऱ्यावर काठी उगारत. भरताचे प्रेक्षक वस्त्रं देतात, तमाशात दौलतजादा होते, नेत्याला हार घालतात. जमलेली ऊब कुठेतरी द्यावीच लागते. ती पायांवर वाहायला आलेल्या माणसाला बाबा हाकलत असत, आणि गोळा झालेला पैसा पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा होऊन उभा राहत असे. झाडू तर सगळ्यांच्या हाती. भाच्याला हे सांगितलं तर म्हणेल, हेही तंत्रच. म्हणो. हे शिकायला त्याच्याकडे कोणी मॅनेजर येणार नाही.

ज्या व्याख्यानापासून हे सुरू झालं, त्याच्या मालेचं दुसऱ्या दिवशीचं पुष्प खानदेशातल्या फड पद्धतीवर होतं. तमाशाचा फड नव्हे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे वाटे म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या सांभाळता येतात. पांझरेच्या काठी हे शतकानुशतकं चाललं. सांगणारे निवृत्त प्राध्यापक कागदात बघून बोलत होते, ध्वनिक्षेपक घुमत होता, मांडवात आम्ही वीस-बावीस जण, दोघं झोपलेले (भरताने शांततेची ही दुसरी जात विचारात घेतलेली दिसत नाही). कालचे गृहस्थ आले नव्हते. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मला त्यातलं अक्षर अन् अक्षर आठवतं आहे आणि ऐकायला कोणी तयार नाही. बायकोने पाटकऱ्याच्या कामापर्यंत ऐकून घेतलं आणि कुकर लावायला उठली.

मध्येच एकदा प्राध्यापकांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "लक्षात आलं ना?"

कोणीच काही बोललं नाही. मी ‘हं’ म्हटलं, जरा मोठ्यानेच. चार रांगा पुढे बसलेल्या एका बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.