मौनाचा अर्थ

इथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. आयपी पॅकेटमध्ये एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो कमी करतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून देतो. स्विचमधून जाणाऱ्या फ्रेमसाठी अशी सोयच नाही. त्यामुळे दोन स्विच दोन केबलींनी जोडले आणि एखाद्या संगणकाने ब्रॉडकास्ट फ्रेम सोडली, की ती एका केबलीने जाते, दुसरीने परतते आणि पुन्हा निघते. आलेला पोर्ट वगळून बाकी सर्व पोर्टांवर ती पाठवायची, हा स्विचचा नियम. नेटवर्कमध्ये अशी वर्तुळे अनेक असली तर प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत खऱ्या कामाच्या फ्रेमना जागा उरत नाही. शिवाय कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे, हे स्विच आलेल्या फ्रेमवरूनच शिकतो. एकच पत्ता कधी इकडून तर कधी तिकडून दिसू लागला की तेही ज्ञान निकामी होते.

जादा केबल काढून टाकणे हा उपाय नव्हे. एक केबल तुटली तरी काम चालू राहावे, म्हणूनच ती टाकलेली असते. केबल जागेवर ठेवायची, पण गरज पडेपर्यंत तिच्यावरून वाहतूक होऊ द्यायची नाही, ही स्पॅनिंग ट्रीची मूळ कल्पना. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी तिची रीत 1985 मध्ये मांडली आणि 1990 मध्ये ती 802.1डी या मानकात आली.

या रीतीचे खरे सौंदर्य असे की संपूर्ण नकाशा कोणाकडेही नसतो. प्रत्येक स्विच आधी स्वतःलाच मूळ समजतो आणि शेजाऱ्यांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतो. त्यात प्राधान्याचा आकडा आणि मॅक पत्ता मिळून बनलेली ओळख असते. आपल्याहून लहान ओळख कानी आली की तो आपला दावा सोडतो. अशा रीतीने एकच रूट ब्रिज, म्हणजे मूळ ठरलेला स्विच, उरतो. मग प्रत्येक स्विच रूटकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट निवडतो, आणि ज्या पोर्टामुळे वर्तुळ पुरे होईल तो अडवला जातो. प्राधान्य सगळीकडे कारखान्यातून आलेले 32768च राहिले, तर निवड निव्वळ मॅक पत्त्यावर होते आणि कोपऱ्यातला एखादा जुना, मंद स्विच साऱ्या नेटवर्कचे मूळ होऊन बसतो. रूट कोण, हे माणसाने ठरवून द्यावे, ते याचसाठी.

अडवलेला पोर्ट मात्र बंद नसतो. तो ऐकत असतो. रूटकडून दर 2 सेकंदांनी निघणारा संदेश त्याच्यापर्यंत येत राहतो, तोवर तो अडलेला राहतो. 20 सेकंद काहीच आले नाही, तर पलीकडची वाट तुटली असे धरून तो खुला होऊ लागतो. त्यात आणखी 30 सेकंद जातात. या रीतीचा कच्चा दुवा इथेच आहे. संदेश न येण्याची कारणे दोन असू शकतात: वाट खरोखर तुटली असेल, किंवा वाट धडधाकट असून ताणाखालच्या स्विचला संदेश पाठवणे जमले नसेल. दुसऱ्या परिस्थितीत पोर्ट खुला होणे म्हणजे हातानेच वर्तुळ जोडणे, आणि त्यातून उठलेला पूर बाकीचे संदेशही बुडवतो.

नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे नेटवर्क स्पॅनिंग ट्री कोलमडल्याने काही दिवस ठप्प झाले. डॉक्टर आणि परिचारिकांना कागदावर परतावे लागले. जोडणी एकेक करून वाढत गेली होती आणि ही रीत पेलू शकेल त्यापलीकडे नेटवर्कचा पसारा गेला होता.

2001 च्या 802.1डब्ल्यू या सुधारित मानकामुळे शेजारी स्विचना परस्परसंमतीने, सहसा सेकंदभरात, वाट बदलता येऊ लागली. वेग वाढला, पण संदेशांचे थांबणे तिथेही वाट मोकळी करण्याचीच खूण राहिले. लूप गार्ड नावाची सोय हा अर्थ उलटवते: अडवलेल्या पोर्टावर संदेश येणे थांबले, तर ती पोर्ट खुला करण्याऐवजी अडवूनच ठेवते. अनेक स्विचमध्ये ही सोय मुळात चालू नसते. ती मुद्दाम चालू करावी लागते.