कायदा बदलला, मग तास कापायचे का?



एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनमधले किमान वेतन ताशी 11.44 पौंडांवरून 12.21 पौंड झाले. मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्सही 13.8 वरून 15 टक्के झाला आणि वार्षिक 9,100 ऐवजी 5,000 पौंडांच्या वरच्या पगारावर लागू लागला. वंदनेनंतर एक दुकानदार उपासक म्हणाले, "सरकारने आमचे हात बांधले. तिघांचेही तास कमी करतो." त्यांना दोष देणे सोपे आहे. महिनाअखेरीस पगार वाटण्याची धास्ती मी नोकरदार काय जाणणार!

तरी आम्ही वही उघडली. छोट्या मालकांची सूट त्याच वेळी 5,000 वरून 10,500 पौंड झाली होती. किमान वेतनावरच्या तिघांचा पूर्ण वेळेचा विमा तिच्यात बसत होता. खरा भार तासाला 77 पेन्सचा.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत: झेपेल तेवढे काम, अन्न व वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा, वेळोवेळी सुट्टी. तरी 1942 ते 1946 मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कामाचे तास मालकाच्या करुणेवर सोडले नाहीत. कायद्याचा आग्रह धरला. पण दर वाढवून देणारा कायदा तास कापणारा हात धरत नाही. तिथे आपले शीलच लागते.

दर वाढला, तास घटले, तर कामगाराच्या घरी काय पोहोचले? हे मी विचारले तेव्हा ते गप्प राहिले. आता ते तिघांनाही वही दाखवणार आहेत. भाव वाढवायचा की मंदीची संध्याकाळ बंद ठेवायची, ते चौघे मिळून ठरवतील.