पावतीपुस्तक आणि पौलाचे सात सोबती

शास्त्रपाठ : १ करिंथ १६:१-४, २ करिंथ ८:१-२१, रोम १५:२५-३१



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या लहान गावांतून हायस्कूलची मुले पावतीपुस्तके आणि डबे घेऊन दारोदार फिरू लागतात. कधी क्षयरोग निवारणाची तिकिटे असतात, कधी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाची, कधी वृद्धाश्रमाची वर्गणी, तर कधी कुष्ठरुग्णांसाठी मदत. ध्वजदिन आपल्या देशात १९४९ पासून पाळला जातो. क्षयाच्या तिकिटांची मोहीम १९५० साली सुरू झाली. तिची मूळ कल्पना डेन्मार्कमधल्या एका टपाल कारकुनाची, १९०४ सालची. म्हणजे आज दारात उभ्या असलेल्या मुलांच्या आजी-आजोबांनीही हे काम केलेले आहे.

मुले आली की आपण काय करतो? खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसे चाचपतो, सुटे पैसे काढतो, पावती घेतो आणि दार लावतो. पैसे कोठे जातात हे आपण विचारीत नाही व मुलांनाही ते नेहमी ठाऊक असते असे नाही. या मुलांत आपल्या मंडळीची मुले असतात. त्यांना वर्गात पुस्तके वाटणारे शिक्षक पुष्कळ ठिकाणी आपल्याच शब्बाथ शाळेत शिकवीत असतात. म्हणून या महिन्यात आपण वर्गणीविषयी देवाच्या वचनात काय सापडते ते पाहू.

सापडते ते थोडेथोडके नाही. क्लौद्याच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधुजनांसाठी मदत पाठविली, ती बर्णबा व शौल यांच्या हाती गेली (प्रे. कृ. ११). पुढे यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी पौलाने गलतिया, मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांत वर्गणी उभी केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे दोन सबंध अध्याय त्याने या कामी खर्च केले आहेत. ज्या लेखणीने पुनरुत्थानाचा अध्याय लिहिला, तीच लेखणी लगेच पुढच्या ओळीत वर्गणीकडे वळते. पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय संपतो आणि सोळावा सुरू होतो तो पैसे बाजूला काढून ठेवण्याच्या सूचनेने. आपल्याला हे जरा खटकते. पौलाला खटकले नाही.

ही सूचना काय आहे ती पाहा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर वर्गण्या गोळा करण्याची वेळ येऊ नये, असे तो सांगतो. पौलासारखा वक्ता समोर उभा राहिला असता तर लोकांनी भरभरून दिले असते. परंतु त्याला ते नको होते. समोर कोणी उभा आहे म्हणून दिलेले दान आणि घरी बसून, विचार करून दिलेले दान यांतला फरक तो जाणत होता.

आता आपल्या हायस्कुलांतली रीत पाहा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पुस्तक मिळते. ते संपवून आणायचे असते. सर्वांत जास्त रक्कम आणील त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी वाचले जाते, क्वचित पेलाही मिळतो. आम्ही एका शाळेत असे पाहिले : आठवीतल्या एका मुलीने पुस्तक वेळेवर भरून दिले. प्रत्येक पावतीवर नातेवाइकाचे नाव होते. काका, मामा, आत्या, शेजारच्या मावशी, सगळे होते. पुढे कळले की त्यांतल्या एकानेही पैसे दिलेले नव्हते. मुलीचा बाप रोजंदारीवर जाई. तिने एस.टी.च्या पासाचे पैसे त्या पुस्तकात घातले होते व महिनाभर ती दोन्ही वेळा चालत शाळेला येत होती. त्या वर्षी पहिला नंबर एका दुकानदाराच्या मुलाचा आला. त्याचे पुस्तक वडिलांच्या गल्ल्यावर एका संध्याकाळी संपले होते. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. पण मुलीचे नाव यादीत कोठे होते, हे कोणाला आठवतही नाही.

येथे कोणी विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट काढील आणि म्हणेल, पाहा, मुलीने केवढा त्याग केला! आम्हांला हे पटत नाही. विधवेने आपल्या मनाने टाकले; तिच्यापुढे पुस्तक संपविण्याची तारीख नव्हती. आणि तिचा दाखला ज्या ठिकाणी आहे त्याच्या आधीची ओळ आपण बहुधा वाचायची सोडतो. तेथे प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलत आहे (मार्क १२). जिच्याकडून घेतले गेले तिच्याकडे त्याचे लक्ष होते, तसेच घेणाऱ्यांकडेही होते. पौलही स्पष्ट लिहितो की इतरांना स्वस्थता मिळावी आणि तुमच्यावर ओझे पडावे असा आपला हेतू नाही. समानता व्हावी हा हेतू आहे (२ करिंथ ८:१३, १४). मुलीकडून जे घेतले गेले ते दान नव्हते, ती पट्टी होती. शाळेने ती धर्मकार्यासाठी बसविली म्हणून तिचे दान होत नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या हाती पुस्तके वाटण्याचे काम असेल तर ज्या घरी ते जाऊ नये ते घर तुम्हांला ठाऊक असते. तेथे ते पाठवू नका, आणि वर्गात त्याचा बोभाटाही करू नका.

मग मुलांनी काही करूच नये काय? तसे नाही. याच कामात एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत कॅन्सस संस्थानात मिसुरी नदीच्या काठी व्हाइट क्लाउड नावाचे अगदी लहान गाव आहे. १९१३ साली कुष्ठसेवेच्या मिशनचे अमेरिकेतील चिटणीस विल्यम डॅनर तेथील चॅपमन कुटुंबात पाहुणे होते. (हे मिशन १८७४ साली वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थाने स्थापिले, अंबाल्यास शिक्षक असताना त्याने प्रथम कुष्ठरुग्ण पाहिले होते.) निघताना डॅनरसाहेबांनी घरातल्या विल्बर नावाच्या शाळकरी मुलाला तीन डॉलर खाऊला दिले. मुलाने त्या पैशांत डुकराचे एक पिलू घेतले, त्याचे नाव पीट ठेवले, त्याला खाऊपिऊ घालून मोठे केले आणि विकले. पंचवीस डॉलर आले. त्या काळी एका कुष्ठरुग्णाच्या वर्षभराच्या निर्वाहास तेवढी रक्कम लागते असा हिशेब होता. विल्बरने ते सारे डॅनरसाहेबांकडे पाठवून दिले. पुढे ही गोष्ट तेथील शब्बाथ शाळांतून पसरली आणि पुष्कळ मुले डुकराच्या आकाराच्या गल्ल्यांत कुष्ठरुग्णांसाठी नाणी साठवू लागली. असले गल्ले या पीटपासूनच निघाले असे कोणी कोणी सांगतात. ते खरे नव्हे. जावा बेटावर त्याच्या कितीतरी शतके आधीचे मातीचे तसे गल्ले मिळाले आहेत. मुलांना गोष्ट सांगताना खरी तेवढीच सांगावी. शास्त्रात डुकरांचे नाव फारसे चांगल्या ठिकाणी येत नाही. या एकाने थोडी भरपाई केली एवढे म्हणू.

दहावीतल्या मुलांना ही बालवर्गाची गोष्ट वाटेल. परंतु विल्बर कोणाच्या दारात गेला नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. त्याला भांडवल दुसऱ्याने दिले, मेहनत त्याने केली, वेळ गेला आणि वाढ झाली. आपल्या मंडळ्यांत उपकारस्मरणाच्या सणाला जो लिलाव होतो त्याची जात हीच आहे. कोणी परसातला भोपळा आणतो, कोणी घरची अंडी, कोणी भरतकाम केलेली उशी. पाच रुपयांच्या भोपळ्याला पाचशेची बोली लागते तेव्हा सगळे हसतात, पण तो भोपळा कोणीतरी पाणी घालून वाढविलेला असतो. हायस्कूलच्या मुलांनी परीक्षा संपल्यावर वह्या बांधून विकाव्या, नाताळचे कंदील करून विकावे, गीते गात फिरावे; त्यात गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाच्या बरोबरीने उभे राहता येते. त्याचे हात तितकेच चालतात, कित्येकदा जास्त चालतात.

आता पैसे जमल्यानंतरचे. येथे आपल्या मंडळ्या फार ढिल्या आहेत, असे आम्हांला म्हणावेच लागते. पौल एवढा प्रेषित, पण त्याने ती थैली एकट्याच्या हाती घेतली नाही. तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती पाठवू, असे त्याने करिंथकरांस कळविले. तीताबरोबर आणखी दोन बंधू दिले. त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला होता. या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कोणी दोष काढू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते असावे, असे कारणही त्याने दिले. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्याच्या प्रवासातले सोबती सांगितले आहेत : सोपत्र, अरिस्तार्ख, सकुंद, गायस, तीमथ्य, तुखिक आणि त्रफिम. बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आशिया अशी त्यांची गावे. हे सातजण आपापल्या मंडळ्यांच्या वर्गणीचे सोबती असावेत असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. वाचताना आपण ही नावे भरभर ओलांडतो. पण त्या काळच्या समुद्रप्रवासात, वाटेत चोर आणि वादळ, अशा वेळी सात माणसे हिशेबासाठी बरोबर नेणे स्वस्त पडत नसेल. पौलाला ते जरुरीचे वाटले.

मुलांना हे शिकवायचे तर पुस्तकांवर क्रमांक छापा. पैसे दोघांनी मिळून मोजावे, त्यांत एक विद्यार्थी असावा. रक्कम फळ्यावर लिहा. आणि ती पोहोचल्याची पावती ज्यांनी ती गोळा केली त्यांना वाचून दाखवा. ‘पाठविली आहे’ एवढ्यावर काम संपत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एकदा जर वाटले की मोठी माणसे धर्माच्या नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशेब ठेवीत नाहीत, तर त्याच्यापुढे पुढची वीस वर्षे केलेला उपदेश वाया जातो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला सर्वांत कठीण वाटते. रोमकरांस लिहिताना पौल प्रार्थनेची विनंती करतो. यहूदीयातील अविश्वासू लोकांपासून आपला बचाव व्हावा ही एक, आणि आपली ही सेवा यरुशलेमेतील पवित्र जनांना मान्य व्हावी ही दुसरी. म्हणजे इतकी वर्षे खपून नेलेले पैसे ते घेतील की नाही याची त्याला धाकधूक होती! आपण देताना घेणाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे असे कधी समजतो काय? गरीब म्हटला की तो घेणारच, असे आपण धरून चालतो. पौलाने यरुशलेमच्या गरिबांना तसे धरले नाही. त्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात विदेशी भागीदार झाले आहेत, ते त्यांचे ऋणी आहेत, असे त्याने म्हटले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हे फार लागू पडते. वर्गणीच्या पत्रकांवर झडलेल्या बोटांची चित्रे छापून दया उत्पन्न करण्याची चाल होती. अजूनही ती कोठे कोठे दिसते. मुले ती चित्रे दारोदार दाखवितात आणि मनात भीती घेऊन घरी येतात. त्यांना खरी माहिती सांगावी. १९८२ च्या सुमारास बहुविध औषधांचा उपचार आला, तेव्हापासून सहा महिन्यांत किंवा वर्षभरात हा रोग बरा होतो. औषध फुकट मिळते, आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लागण होण्याचे भय राहत नाही. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले, तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. २०१९ पर्यंत तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते. मग वर्गणी कशाला लागते? बधिर पायांना जखम कळत नाही म्हणून मऊ रबराच्या खास चपला लागतात, वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया लागते, मुलांच्या शाळेचा खर्च असतो. हे मुलांनी दारात सांगावे, आणि चित्र दाखवायचेच तर बऱ्या झालेल्या माणसाचे, त्याची परवानगी घेऊन दाखवावे.

३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन आहे. मिरज, अमरावती जिल्ह्यातील कोठारा, निजामाबादजवळचे डिचपल्ली, अशी या सेवेची जुनी ठिकाणे आपल्या पुष्कळ मंडळ्यांना एका दिवसाच्या अंतरावर आहेत. यंदा पैसे मनिऑर्डरीने किंवा बँकेतून पाठविण्याऐवजी आधी विचारून घ्यावे, त्यांना काय हवे आहे ते लिहून मागवावे, आणि मग नववी-दहावीची सात मुले निवडून, एक वडील व एक शिक्षिका बरोबर देऊन ती रक्कम त्यांच्या हातीच पाठवावी. निवड मुलांनीच करावी. ज्या मुलीचे पुस्तक रिकामे परत आले असेल तीही त्यांत असू द्यावी. रुग्णालयात पावती घ्यावी, जखमा धुण्याची खोली व चपला करण्याचा कारखाना पाहावा, घाई करू नये. आणि वॉर्डातल्या कोणी आपल्या हाताने चहा करून पुढे केला, तर मुलांनी तो बसून प्यावा.