दार उघडणाऱ्याचें कर्तव्य

आपलें दार कोणासाठीं उघडावें व केव्हां लावावें, हें ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा होय, याविषयीं सहसा कोणी वाद घालणार नाहीं. राष्ट्रांच्या बाबतींतही हाच न्याय रूढ आहे. परकीय मजुरास आंत घ्यावें कीं नाहीं, परदेशी मालावर किती जकात बसवावी, हे प्रश्न प्रत्येक राष्ट्र आपल्या हिताकडे पाहून सोडवितें. परंतु दार दीर्घकाळ उघडें ठेवावें, त्या भरंवशावर दुसऱ्यानें आपला संसार मांडावा, आणि मग तें एकाएकीं लावून घ्यावें, हें न्याय्य आहे काय? लेसोथोच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लेसोथो हा चोहों बाजूंनीं दक्षिण आफ्रिकेनें वेढलेला डोंगराळ देश. १९६६ सालीं तो स्वतंत्र झाला. लोकसंख्या सुमारें २३ लाख. पिकाऊ जमीन थोडी, म्हणून येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या सोन्याच्या खाणींत राबत आले. १९८० नंतरच्या दशकांत अशा मजुरांची संख्या लाखावर होती. पुढें खाणींचें काम घटलें, दक्षिण आफ्रिकेनें आपल्या नागरिकांस अग्रहक्क दिला, आणि हजारों पुरुष रिकाम्या हातांनीं घरीं परतले.

त्याच सुमारास दुसरें दार उघडलें. २००० सालच्या कायद्यानें अमेरिकेनें आफ्रिकेंतील अनेक देशांच्या मालास जकातमाफी दिली. परदेशी कापड आणून शिवलेले कपडेही लेसोथोस बिनजकात पाठवितां येऊं लागले. परकीय भांडवलाचे कारखाने निघाले, आणि खाणकामगारांच्या बायकामुली तेथें जीन्स शिवूं लागल्या. ज्या घरीं पुरुष मिळवीत असे, तेथें आतां स्त्री मिळवूं लागली.

मग २ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेनें लेसोथोच्या मालावर शेंकडा ५० जकात जाहीर केली. त्या दिवशींच्या यादींतील हा सर्वांत चढा दर होता. जो देश अमेरिकेस माल पुष्कळ विकतो पण तिचा घेतो थोडा, त्यावर जकात अधिक, असा तो हिशेब होता. म्हणजे परक्याचा माल विकत घेण्याची ऐपत नसणें, हाच येथें अपराध ठरला! आठवड्याभरांत त्या दरास स्थगिति मिळाली व ऑगस्टांत तो १५ वर आला. परंतु मधल्या काळांत मागण्या थांबल्या, आणि जुलैंत लेसोथोच्या सरकारास बेकारीपायीं राष्ट्रीय आपत्ति जाहीर करावी लागली.

कोणी म्हणेल, राज्यकर्त्यांचें पहिलें कर्तव्य स्वकीयांशीं आहे. जोहान्सबर्गच्या बेकारास व अमेरिकेच्या गिरणीकामगारासही पोट आहे. हा आक्षेप खरा आहे. दुसऱ्याच्या अंगणांत चूल मांडणाऱ्यानें तेथेंच जन्म जाईल असें समजूं नये, हेंही तितकेंच खरें. तथापि या दोहोंवरून एवढेंच सिद्ध होतें कीं, दार कायमचें उघडें ठेवण्यास कोणी बांधलेला नाहीं. तें कसेंही आपटावें, असें त्यांवरून ठरत नाहीं.

आमच्या मतें, ऋण जसें वचनानें उत्पन्न होतें, तसें दुसऱ्यास आपल्यावर विसंबावयास लावल्यानेंही होतें. खाणीस स्वस्त मजूर हवे होते. ग्राहकास स्वस्त कपडे हवे होते. तो लाभ पदरांत पडल्यावर ‘ती तर आमची कृपा होती’ असें म्हणतां येणार नाहीं. पुरेशी पूर्वसूचना, पायरीपायरीनें बदल, आणि ज्यास झळ लागणार त्याचें म्हणणें ऐकून घेणें, एवढें तरी देणें दार उघडणाऱ्याकडे लागतेंच.

मार्च २०२५ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष आपल्या कायदेमंडळापुढें म्हणाले कीं, लेसोथोचें नांव कोणी ऐकलेलेंही नाहीं. त्या वेळीं तेथील स्त्रियांनीं शिवलेले कपडे त्यांच्याच देशांतील लोकांच्या अंगावर होते. ज्याच्या श्रमाचें वस्त्र आपण अंगावर घालतों, त्याचें नांवही आपणांस ठाऊक नसावें, येथूनच अन्यायास आरंभ होतो.